आबांसमोर झोपायचं कसं

आमच्या सासरी घोरण्याला कुणी आजार म्हणत नसे. शिंदखेड्याजवळच्या त्या गावात माझे सासरे, म्हणजे आबा, दुपारी ओट्यावर घोरायला लागले की कापसाचं वर्ष बरं गेलं असं शेजारी समजत. त्यांच्या थोरल्या मुलाशी माझं लग्न ठरलं तेव्हा 'घर भरलेलं आहे' असं मला सांगण्यात आलं होतं. कशाने, ते पहिल्याच आठवड्यात कळलं.

नव्वदच्या सुमारास आम्ही धुळ्यात राहत होतो. मी शाळेत गणित शिकवत होते, नवरा सरकारी कचेरीत होता. वजन वाढलं तसं त्याचं घोरणंही वाढलं. घोरण्याची मला सवय होती. ते थांबण्याची नव्हती. दणदणीत घोरणं एकदम बंद पडे, छाती हले पण श्वास येत नसे, आणि मग बुडता माणूस वर यावा तसा तो धडपडून हवा ओढी. एका रविवारी दुपारी मी घड्याळ घेऊन मोजलं. सर्वांत लांब थांबा चाळीस सेकंदांचा निघाला.

जागेपणी मात्र तो कुठेही झोपे. साहेबांसमोर, हजामाच्या खुर्चीत, तोंडात घास असताना. कचेरीत याचं कुणाला नवल वाटलं नाही. पण मोटारसायकलवर डुलकी लागून तो दोंडाईचा रस्त्यालगतच्या मिरचीच्या शेतात जाऊन पडला, तेव्हा मी त्याला जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

टॉन्सिल मोठे, पडजीभ लांब, नाकाचं हाड वाकडं. "झोपेत घसा मिटतो आणि श्वास अडतो," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन करावं लागेल असं दिसतं. झोपेची पूर्ण तपासणी मुंबईला होते, पण आधी मला त्यांना झोपलेलं बघू द्या. पुढच्या गुरुवारी जेवून या."

ऑपरेशनचं नाव निघताच नवऱ्याने निर्णय आबांवर सोपवला. माणूस चाळिशीचा, पण गळा वडिलांच्या मालकीचा.

"घोरनं बंद व्हयनं, ते पोऱ्या जित्ता शे का नही, कसं समजी?" आबांनी आपल्या अहिराणीत विचारलं.

"ते मधेच बंद पडतं, म्हणूनच तर डॉक्टर, आबा," मी म्हटलं.

"बठ्ठं घर घोरस आमनं. कोन मरनं?"

सगळं घर घोरत होतं हे खरं, पण त्यांचे वडील आणि थोरले भाऊ, दोघेही पन्नाशीत झोपेतच गेले होते. गावात दोघांचाही उल्लेख पुण्यवान म्हणून होई. शेवटी असं ठरलं की आबा स्वतः येतील, बघतील आणि मग काय ते सांगतील.

गुरुवारी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत पोटभर खाऊन आम्ही दवाखान्यात गेलो. पलंग तयार होता. आबा खुर्ची ओढून समोर बसले आणि सगळं अडलं. वडिलांसमोर पाय पसरून आडवं व्हायचं कसं? साहेबांसमोर झोपणारा माणूस पलंगाच्या कडेवर ताठ बसून राहिला. डॉक्टरांनी आबांना बाहेर बसायची विनंती केली.

"मी काय त्याले खाई जासू?" आबा म्हणाले आणि हलले नाहीत.

अर्ध्या तासाने भरिताने आपलं काम केलं. हात मांडीवर, मान खाली, सगळा आदर राखून नवरा बसल्या बसल्या झोपला. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या खोलीतलं यंत्र आणून त्याच्या बोटाला चिमटा लावला. रक्तात प्राणवायू किती, तो आकडा त्यावर दिसत होता. घोरणं सुरू झालं तेव्हा आकडा नव्वदीच्या वर होता. मग घोरणं थांबलं.

"देख," आबा मला हळूच म्हणाले, "मी समोर शे, ते गप पडना. धाक शे बापना."

"आबा, आकडा बघा," डॉक्टर म्हणाले.

आबांची शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण कापसाच्या काट्यावरचे आकडे वाचण्यात जन्म गेलेला. पंच्याऐंशी. ऐंशी. शहात्तर. मुलगा बापाचा मान राखून गप्प होता आणि त्याचे ओठ निळे पडत होते. आबांनी उठून त्याचा खांदा गदागदा हलवला.

नवऱ्याने मोठ्याने श्वास ओढला आणि डोळे न उघडताच म्हणाला, "जागाच शे, आबा."

आबा बाहेर जाऊन बाकावर बसले. मी मागून गेले.

"मना बाप असाच गप पडना व्हता," ते म्हणाले. आणि मग, "कधी कापतस?"

टॉन्सिल काढले, पडजीभ आणि टाळूची लोंबती कड कापली, नाकाचं हाड सरळ केलं. याने सगळं जाईलच अशी खात्री नाही, वजन उतरवावंच लागेल, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. पंधरा दिवस थंड दूध आणि मऊ भात. सुरुवातीला प्यायलेलं दूध नाकातून येई. भेटायला येणारे नातेवाईक टॉर्च मागून त्याच्या घशात डोकावत आणि मिरचीशिवाय माणूस जगेल का, याची काळजी करत.

तीन महिन्यांनी पुन्हा चिमटा लावला. घोरणं थोडं उरलं होतं, पण आकडा नव्वदीखाली गेला नाही. दिवसाची झोपही हळूहळू गेली.

त्याच आठवड्यात नवऱ्याने जेवताना पहिल्यांदा ताटाकडे नीट पाहिलं.

"तू आमटीत मीठ कमीच घालतेस का?"

"अकरा वर्षं तेवढंच घालतेय," मी म्हटलं.