दावं घरी आणायचं असतं

हौसा गेली त्या दिवशी सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको बाज आवळत होतो. बाजेला पार झोळ आला होता. निजलं की बूड जमिनीला लागायचं. पायाकडच्या दोरीत मोटार चालू करायचं जुनं हँडल घालून मी पीळ देत होतो आणि ती पलीकडून दोरी ताणून धरत होती. "आवळा की जरा. भाकरी खाल्लीसा न्हवं?" म्हणाली. निम्मी बाज झाली. "ऱ्हाऊ द्या, उरलेली उद्या," म्हणून ती चुलीकडं गेली. दुपारी तिथंच भिंतीला टेकली, ती टेकलीच. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं.

माझी शाळा दुसरीपर्यंत. तरी लिहितोय. गावाकडच्यांसाठी, आणि आमच्यागत गाव सोडून शहरातल्या पेठेत येऊन राहिले त्यांच्यासाठी. त्या हँडलाची गोष्ट तुम्ही एकमेकांना हसत सांगता, मला ठाऊक आहे. पण निम्मी चुकीची सांगता.

शाहूवाडीकडच्या डोंगरात आमचं गाव. मी बैलांचा हेडी. म्हणजे एकाचा बैल दुसऱ्याला विकून द्यायचा, मधली दलाली आपली. पन्नाशीला आलो तोवर दुसरं काही केलं नव्हतं. स्वराज्य येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. वडगावच्या बाजारात एक पांढऱ्या टोपीचा माणूस सकाळपासून माझ्याकडं बघत उभा. मला वाटलं, ह्याला मी विकलेला बैल मेला असणार. तर तो मंगळवार पेठेतला मोटारवाला निघाला. साहेब लोक जाताना टाकून गेलेल्या जुन्या मोटारी घ्यायचा आणि विकायचा. म्हणाला, "गुळाचे शेतकरी येतात, गाडीभोवती फिरतात आणि निघून जातात. माझ्यावर विश्वास नाही त्यांचा. तुमच्यावर आहे. महिनाभर येऊन बघा. एक गाडी विकली तर राहा, नाहीतर आपला रामराम."

घरी सांगितलं. आबा, म्हणजे माझे वडील, सत्तरीच्या पुढचे. थुंकले आणि म्हणाले, "मोटारीचं शेण निघतंय का सारवायला? मेली तर कातडं तरी मिळतंय का?" हौसा मात्र भाकरी थापता थापता थांबली. "आत काय असतंय वो तिच्या?" तिनं विचारलं. खरं सांगायचं तर मलाही तेच बघायचं होतं. पोरी नांदायला गेल्या होत्या. आम्ही दोघंच निघालो.

निघायच्या दिवशी स्वतःची बैलजोडी विकली. आमच्यात रीत अशी, की बैल विकायचा, दावं विकायचं नाही. जनावर जातं, घरची बरकत दाव्यात राहते. गळ्यातलं सोडून घ्यायचं आणि घरी आणून खुंटीला लावायचं. हौसानं ती दोन्ही दावी गाठोड्यात भरली. आबा ओरडले, "रिकामी दावी घिऊन कुठं निघालीस गं?"

"मामंजी, परत आलो तर बांधायला नकोत व्हय?"

म्हणजे तिचंही मन निम्मं गावातच होतं. परत आलो तर बैल नाहीत, आणि हेडी बैलाशिवाय म्हणजे नुसता बडबड्या माणूस.

पेठेत एक खोली मिळाली. पहिले आठ दिवस मी गाडी विकली नाही, नुसती उघडून बघितली. मिस्त्रीला इतकं विचारलं की तो मला बघून गाडीखाली सरकायचा. पाणी पिते ते जातं कुठं? तेल पाजल्यावर ढेकर देते का? टायरच्या खाचा बोटानं चाचपून बघितल्या. बैलाचे दात बघतात तसंच, झिजल्यावर वय कळतं. रोज संध्याकाळी हौसाला सगळं सांगायचो. तीसुद्धा मन लावून ऐकायची. "मग ती तापली की पान्हावल्यावाणी वाफ सोडतीया म्हणा की," म्हणायची. एक गोष्ट मात्र मला जमेना. मालक भाव चारचौघांत मोठ्यानं सांगायचा. आम्ही रुमालाखाली बोटं धरून भाव करणारी माणसं. मोठ्यानं भाव म्हणजे मला नागडं उभं केल्यागत व्हायचं.

महिना संपायला तीन दिवस राहिले. उचगावचे आप्पा आले, मोठे ऊसवाले. एका काळ्या गाडीभोवती चार फेऱ्या मारल्या. मालक पुढं व्हायच्या आत मी खांद्यावरचा रुमाल काढला, त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "पावणं, आधी खोड सांगतो. चढाला धापा टाकतीया. आनि सकाळच्या गारठ्यात हँडल मारल्याबिगर उठत न्हाय. बाकी गरीब हाय, लाथ मारत न्हाय."

मालकानं कपाळावर हात मारला. आप्पांनी रुमालाखाली माझी बोटं दाबली. "ह्यो पयला मानूस खरं बोलला," म्हणाले. गाडी गेली! हार घालून, नारळ फोडून, मिस्त्रीनं आप्पांच्या वाड्यापर्यंत पोचवून दिली.

मी घरी आलो, तो हातात हँडल. गाडी चालू करून दिली, हँडल पुढून काढलं आणि हाताच्या सवयीनं काखोटीला मारलं. खुंटीला दाव्यांशेजारी अडकवलंसुद्धा. हौसानं ताट वाढलं. मी फुशारकीनं सगळं सांगितलं, खोड कशी सांगितली तेही. तिनं खुंटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"अवो, मग उद्या सकाळी ती उठायची कशी?"

तांबडं फुटायच्या आधी हँडल खांद्यावर टाकून उचगावची वाट धरली. पोचलो तर सगळं गाव गाडीला भिडलेलं. आत आप्पांची लेक नवी साडी नेसून बसलेली, सासरी निघालेली, आणि चौदा माणसं मागनं रेटतायत. आप्पांनी मला बघितलं. मग खांद्यावरचं बघितलं.

"भडव्या, दावं ठिवून घेतलंस व्हय रं?"

"सवय हो आप्पा. चुकलं."

मला वाटलं, संपलं. आता गाडी परत, आणि आम्ही डोंगरात. आप्पांचं तोंड लाल झालं. तसेच खाली बसले आणि इतके हसले की टोपी पडली. "बैल असता तर तुजंच हुतं की रं!" मी हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला गाडी उठली.

मालकाच्या कानावर हे माझ्याआधी पोचलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "आणखी काय काय घरी नेता?" त्या वर्षी आणखी तिघं ऊसवाले आले. आल्या आल्या विचारायचे, "दावं ठेवून घेणारा कुठाय?" आम्ही परत गेलो नाही. आबा गेले तेव्हा चार दिवस गेलो, तेवढंच.

आप्पांची गाडी पाच-सहा वर्षं चालली, मग मोडीत निघाली. आप्पा स्वतः पेठेत आले. माझ्याकडं बघितलंच नाही. हँडल हौसाच्या हातात दिलं. "वैनी, जनावर गेलं. दावं तुमच्या घरचं." तिनं ते पदरानं पुसून खुंटीला लावलं.

गावाकडच्या घराला आता माझ्या भावाच्या, ज्ञानूच्या, बैलांची दावी आहेत. ते त्याचं घर. माझं घर कुठलं, असं विचाराल तर मी ह्या पेठेतल्या भिंतीतली एक खुंटी दाखवीन. बाकी सगळं भाड्याचं.

हौसा गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानू गावाहून आला. मी निम्मी राहिलेली बाज ओढून दारात घेतली होती. तो म्हणाला, "दादा, सुतकात ह्ये काय मांडलंय?" मी म्हटलं, "धर तिकडनं." त्यानं धरली. त्याला तिच्यागत ताणता येत नव्हतं, पण धरली. शेवटचा पीळ बसला. मग मी हँडल काढलं, पदर नव्हता म्हणून धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि दाव्यांशेजारी खुंटीला अडकवलं.