झुकतं माप आणि आक्काची रॅकेट

आमच्या मामांनी ज्याला कधी थक्क करून गार केलं नाही, असा माणूस अख्ख्या शाहूपुरीत सापडायचा नाही. मामा म्हणजे माझ्या आत्तीचे मालक. गुळाचं अडत दुकान, डोक्याला पांढरी टोपी, पायात करकरणारी चप्पल आणि आवाज असा, की दुकानात कुजबुजले तरी पलीकडच्या बोळात बसलेली म्हैस उठून उभी राहायची. मी घरातला नकल्या. कुणाचाही आवाज बघता बघता उचलायचो, पण मामांची नक्कल करायची म्हणजे आधी छातीत दम साठवावा लागायचा.

मामांची खोड एकच, झुकतं माप. तागडीची दांडी आडवी राहिलेली त्यांना बघवायचीच नाही. मापाड्यानं वजन बरोबर जुळवलं, की मामा गुळाचा एक खडा स्वतःच्या हातानं पारड्यात टाकणार, पारडं खाली जाणार, मग ह्यांचा जीव भांड्यात. म्हणायचे, "दांडी आडवी म्हंजे गिऱ्हाईक आन आपन, दोघंबी उपाशी. जरा झुकू दे की." दुकानापुरतं असतं तर चाललं असतं हो. पण चहा ओतायचे तो बशीतून सांडेपर्यंत. एकदा रस्त्यावर एकानं विचारलं, मलकापूरची गाडी कुठं लागते? मामा त्याला घेऊन स्टँडवर गेले, गाडीत बसवला, आणि ह्यांना घरी यायला अंधार पडला. आत्ती ताट झाकून बसलेली. तिनं विचारलं, "कुठं गेलतासा?" तर म्हणाले, "मलकापूरला. पावणं एकटंच हुतं." मला वाटलं आत्ती आता भडकणार. तिनं नुसती आमटी गरम केली. मी तोंडाचा आ करून बसलेलो.

मामांची एकुलती एक लेक, म्हणजे आमची आक्का, माझ्यापेक्षा थोडी मोठी. पेठांतली पोरं फुटबॉल नाहीतर तालीम करायची आणि ही बया कॉलेजात टेनिस शिकली. शिकली म्हणजे काय, पोरांनासुद्धा पळवून पळवून घाम फोडायची. मामा पहिल्यांदा मॅच बघायला आले, तेव्हा मी शेजारी होतो. खुर्चीवरचे पंच आक्काचे गुण सांगत होते. पंधरा. तीस. चाळीस. मामा उठून उभे. "थांबा. पंधरा, तीस, आन मग चाळीस? पंचेचाळीसातलं पाच कुठं गेलं? माझ्या पोरीचं माप मारताय व्हय?"

पंचांनी चष्मा काढून मामांकडं बघितलं. आक्का मागं वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "आबा, खाली बसा." मामा बसले, पण चाळीस ऐकलं की दरवेळी माझ्या कानात, "पाच खाल्लं बघ."

आक्काची रॅकेट लाकडी, एकच, मूठ तिच्या बोटांनी गुळगुळीत झालेली. तिची तार तुटली की पंचाईत. रॅकेटला नवीन तार भरणं म्हणजे गटिंग. ते आमच्याकडं धड कुणाला जमायचं नाही. रॅकेट एस्टीनं पुण्याला जायची आणि तिकडंच रमायची. एका वर्षी ती वेळेवर आलीच नाही, आणि आक्काच्या मॅच बुडाल्या. पोरगी दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडली. मामांनी तिच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत चार चकरा मारल्या, आत काही गेले नाहीत. सकाळी मला म्हणाले, "चल पुण्याला. गटिंगचं मशीनच आनू."

मला वाटलं मस्करी करतायत. पण पुण्याच्या दुकानदारानं खरंच दोन मशीनं समोर मांडली. एकाला हँडल होतं. फिरवलं की आतली स्प्रिंग ताणायची आणि बरोबर ताणाला टक्कन अडकायची. दुकानदार त्याचंच कौतुक करत होता. मामा म्हणाले, "ह्या डब्याच्या पोटात काय चाललंय, मला दिसतंय का?" दुसऱ्याला लांब दांडी, दांडीवर मागंपुढं सरकणारं वजन. तार अडकवायची, दांडी सोडायची, वजनानं तार ताणली जाते. मामांचा चेहरा असा उजळला, जसा काही गर्दीत सख्खा भाऊ भेटला. "ही तर आपली तागडीच की."

"दांडी बरोबर आडवी थांबली पाहिजे," दुकानदार म्हणाला, "एवढं सांभाळा म्हणजे झालं."

मी तिथंच ओरडायला पाहिजे होतं.

मशीन घरात आलं तशी आत्तीनं चौकशी केली, की ही तार असते कशाची? मामांनी खरं सांगितलं, "जनावराच्या आतड्याची." आत्ती माळकरी. तिनं मशीन देवघराशेजारून उचलून पडवीत ठेवलं आणि वर बजावलं, "देवीच्या वारी, शुक्करवारी ताणायचं न्हाय." मग गुरुवारी मामा मांडी घालून बसले, आक्काची रॅकेट मशीनला आवळली आणि पहिली तार लावली. दांडी खाली आली, आडवी थांबली. मामा तिच्याकडं बघत राहिले, अर्धपोटी उठलेल्या पाव्हण्याकडं बघावं तसे. मग बोटानं वजन थोडं पुढं सरकवलं.

मी म्हणालो, "मामा, त्यानं सांगितलंय की."

"गिऱ्हाइकाला झुकतं देतो, आन घरच्या पोरीला काटेकोर देऊ व्हय रं?"

प्रत्येक तारेला थोडं पुढं. आडव्या तारा भरायला घेतल्या तोवर उभ्या तारा बोट लावलं की किंचाळत होत्या. माझं हसू कधीच बंद झालेलं. आणि मग कडाड्! रॅकेट भाजलेल्या पापडासारखी दुमडली. दारात आक्का उभी होती. तिनं तुकडे ओढणीत गोळा केले आणि आत गेली. मामांनी तोंड उघडलं, आणि त्या तोंडातून आवाजच आला नाही. असं मी जन्मात बघितलं नव्हतं.

आक्काला पुढं कॉलेजनं रॅकेट दिली. तार तुटली की ती रॅकेट पुन्हा पुण्याला जायला लागली. पडवीत मशीन असताना! आणि ती फडक्यात बांधून स्टँडवर पोचवायला जायचे कोण, तर मामाच. इकडं टेनिस क्लबातल्या टाकून दिलेल्या रॅकेटी आणून हात बसवत होते. बाजेची नवार विणावी तशी एक तार वरून, एक खालून. दांडी सोडली की उजवा हात मांडीखाली दाबून बसायचे, वजनाकडं जाऊ नये म्हणून. क्लबातले साहेबलोक गाडीतून रॅकेटी घेऊन दारात यायला लागले. आक्का नाही आली.

मग एकदा विद्यापीठाच्या मॅच कोल्हापुरातच होत्या. सकाळी सराव करताना आक्काची तार तुटली. मामा ऐन सौद्यात होते. ती आली आणि सगळ्या व्यापाऱ्यांदेखत रॅकेट तागडीच्या पारड्यात ठेवली.

"आबा, दुपारी मॅच हाय."

मामा सौदा तसाच टाकून उठले. व्यापारी बघतच राहिले. पडवीत आक्का समोर बसली, मी खांबाला टेकून. मामांचा उजवा हात मांडीखाली. तारेमागून तार, दांडी दरवेळी आडवी. मला श्वास सोडायची भीती वाटत होती. शेवटची तार आली, दांडी आडवी थांबली, आणि आक्कानं बोट पुढं करून वजन जरासं सरकवलं. दांडी झुकली.

"अगं, मोडंल," मामा म्हणाले.

"न्हाय मोडत. शेवटच्या तारंला झुकतंच द्यायचं असतंय, आबा. गाठ मारताना ती ढिली पडती. पुण्याचा मानूसबी देतोय."

मामांनी मांडीखालचा हात हळूच काढला. "आजून एवढं देऊ?" एवढ्या बारीक आवाजात, की म्हैस सोडा, मलासुद्धा जेमतेम ऐकू आलं.

"द्या की."

मॅच आक्का जिंकली. पंच चाळीस म्हणाले तरी मामा गप्प बसले होते.

आता मामा नाहीत. मशीन आक्काच्या घरी आहे. मी गेलो की ती म्हणते, "आबांची नक्कल कर." मी छातीत दम साठवतो, त्या पाचांचं भांडण करतो, रॅकेटीचा कडाड् काढतो, आक्काची पोरं हसून लोळतात. मग आक्का म्हणते, "आन ते, आजून एवढं देऊ?"

तेवढं मात्र मला अजून जमत नाही.