अर्धा इंच जादा

टेलरबाईंनी शिवणकाम बंद केलं तेव्हा सगळ्या गल्लीला वाटलं, आता बाई निवांत बसणार. बाईंनाही तसंच वाटलं होतं. बसायची तयारी म्हणून त्यांनी खुर्चीला नवीन उशीसुद्धा शिवली. त्या उशीवर त्या मोजून चार दिवस बसल्या. पाचव्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात एक खिळा आणायला गेल्या आणि करवत, रंधा, हातोडी, दोन पटाश्या आणि लाकूड धरून ठेवायचा एक जडशीळ शिकंजा घेऊन आल्या. खिळा विसरल्या.

"हे काय?" नवऱ्याने विचारलं.

"सुतारकाम शिकते."

"कुणाकडे?"

"माझ्याकडेच. फी लागत नाही."

नवरा आयुष्यभर पोस्टात शिक्के मारलेला माणूस. त्याने वाद घातला नाही. आत जाऊन औषधांच्या डब्यात कापूस आणि चिकटपट्टी आहे ना, तेवढं बघून आला.

मागची धुण्याची खोली बाईंनी ताब्यात घेतली. कपडे बेतायचं जुनं टेबल तिकडे ओढलं, ओढताना दाराची चौकट खरवडली आणि "आता दुरुस्तीला काम मिळालं" म्हणून स्वतःचीच समजूत काढली. भिंतीवर फळी ठोकून हत्यारं टांगली. कुठलं कुठे ते कळावं म्हणून प्रत्येकाभोवती शिंप्याच्या खडूने रेघ मारली. दुपारपर्यंत त्यांच्याच कोपराने निम्म्या रेघा पुसल्या गेल्या आणि हातोडी करवतीच्या घरात राहायला गेली.

पण मजा काय यायची, विचारू नका. रोज सकाळी चहाचा कप घेऊन बाई आत शिरायच्या आणि एका फळीवर रंधा मारत बसायच्या. लाकडाची पातळ साल गोल गोल वळत निघाली, की ती तळहातावर ठेवून नवऱ्याला दाखवायला न्यायच्या.

"छान आहे. हिचं काय करणार?"

"काही नाही. साल आहे ती."

असं दोन महिने चाललं. फळीची पट्टी झाली, पट्टीची काडी व्हायची वेळ आली. "आमच्या कारखान्याचा भुसा एक नंबर असतो," बाई शेजारणीला सांगायच्या. "बाकी मालाला अजून ऑर्डर नाही."

ऑर्डर घरातूनच आली. बाईंची थोरली बहीण, ताई, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर महिनाभरासाठी राहायला आली. वय अठ्ठ्याहत्तर, उंची जेमतेम, जीभ उंचीच्या दुप्पट. बाईंच्या हातात पहिली कात्री दिली ती हिनेच.

ताई जेवणाच्या टेबलापाशी बसली, की तिचे पाय लोंबकळायचे आणि दहा मिनिटांत मुंग्या यायच्या. तिसऱ्या दिवसापासून तिने ताट खोलीतच मागवलं. "तुम्ही जेवा निवांत. मला इथेच बरं पडतं." कॉटवर बसून, भिंतीकडे तोंड करून एकटी जेवायची. कॉटशेजारी तिची बॅग, भरलेली, चेन लावलेली. एक जोड बाहेर काढायची, तो धुतला, वाळला, की परत आत. महिना संपला की आपल्या घरी. ते घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आत वाट बघणारं कुणी नाही.

ताईने आता कायमचं इथेच राहावं, असं बाईंना मनापासून वाटत होतं. पण म्हणणार कसं? लहानपणापासून सांगायचं ताईने आणि ऐकायचं धाकटीने. उलटा कारभार त्या घरात कधी झालाच नव्हता. एकटी जेवते तोवर ही पाहुणीच राहणार, एवढं मात्र बाईंना कळत होतं. आधी तिला टेबलापाशी आणायला हवं.

"पायाखाली घ्यायला स्टूल करते तिला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"बाजारात मिळतं."

"मग मी हा कारखाना कशाला काढला?"

"तेच तर मी दोन महिने विचारतोय."

बाईंनी टेप घेतला आणि ताईला खुर्चीवर बसवून टाचेपासून जमिनीपर्यंत माप घेतलं. "काय शिवतेस, पायजमा?" ताईने विचारलं. "हलू नकोस," बाई म्हणाल्या. पाच इंच भरलं.

मग बाईंनी, ब्लाउज असो की कोट, चाळीस वर्षं जे केलं तेच केलं. खाकी कागदावर कटिंग काढलं. कागद फळीवर पसरला आणि टाचण्या लावायला घेतल्या. लाकडात टाचणी जात नाही, हे त्यांना तिसरी टाचणी वाकल्यावर समजलं. शेवटी कागदावर इस्त्री ठेवून बाजूने खडू फिरवला. चार दिवस कापाकापी, ठोकाठोकी, पॉलिश पेपरने घासाघाशी झाली. एक अंगठा निळा पडला. स्टूल उभं राहिल्यावर ते परत मोजायचं काही त्यांच्या मनात आलं नाही. शिवून झालेला कपडा कोण मोजतं? अंगावर घालूनच बघतात.

रविवारी दुपारी बाई ताईच्या खोलीत गेल्या. "आज टेबलावर ये. का, ते विचारू नकोस."

ताई आली, बसली. बाईंनी स्टूल खाली सरकवलं. ताईने पाय वर घेतले, गुडघे टेबलाला खालून धडकले, टेबल उचललं गेलं आणि पाण्याचा अख्खा ग्लास नवऱ्याच्या मांडीवर सांडला. नवरा ओला पायजमा चिमटीत धरून बसून राहिला.

बाईंना वाटलं, संपलं. आता ही उठणार, ताट घेऊन खोलीत जाणार आणि कदाचित परवाच निघणार.

"वर ठेव ते," ताई म्हणाली.

नवऱ्याने स्टूल उचलून ताटांच्या मध्ये ठेवलं. ताईने बाईंच्या गळ्यातला टेप ओढून घेतला. "सहा इंच आहे."

"मी पाचाचंच बेतलं होतं."

"कटिंग आण."

बाईंनी खाकी कागद आणला. ताईने चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला. मापाची रेघ होती आणि तिच्या बाहेर चारी बाजूंनी अर्धा इंच सोडून दुसरी रेघ होती. अगदी सुबक.

"शिलाईला जागा सोडलीस?"

बाई कागदाकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या.

"वर अर्धा, खाली अर्धा," ताई म्हणाली. "दुमडणार कुठे होतीस, बाई?"

नवऱ्याला ठसका लागला. पाणी सांडलेलं असल्यामुळे तो बराच वेळ टिकला.

"हात चालला सवयीने," बाई म्हणाल्या. "डोकं निवृत्त झालंय, हाताला कुणी कळवलंच नाही."

"आणि ही सवय लावली कुणी?"

"तू. पट्टीने मारून. 'जादा सोड, कमी कधीही करता येतं.'"

ताई हसायला लागली. हसता हसता तिने दुखरा गुडघा दाबून धरला. "मग कर ना कमी. ट्रायल न घेता कपडा हातात द्यायला शिकवलं होतं का मी? थांब, माझी पट्टी आणते."

ती खोलीत गेली ती बराच वेळ आलीच नाही. बाई बघायला गेल्या. सगळी बॅग कॉटवर उपसलेली होती. कपडे, शाल, औषधं, टॉवेल. तळाशी तिरकी घातलेली लाकडी पट्टी ताईने ओढून काढली. कडा पितळेच्या, आकडे निम्मे झिजलेले.

"ऑपरेशनला ही कशाला आणली होतीस?"

"जाईन तिथे नेते. निदान करवत तरी नाही ना आणली."

नवऱ्याने खुर्ची कारखान्यात नेली. ताई खुर्चीवर, स्टूल पायाखाली, बाई जमिनीवर. ताईने खडूने खूण करायची, बाईंनी कापायचं. "रेघेवरून चाल. रेघेच्या शेजारून कुठे निघालीस?" पहिली ट्रायल, दुसरी, तिसरी. चौथीला ताईचे तळवे सपाट टेकले. तिने डोळे मिटून बोटं हलवून बघितली आणि मान डोलावली.

एक कोपरा जरा डुगडुगत होता. बाई तोही कापायला निघाल्या, तशी ताईने हात धरला. "आता काही कापू नकोस, नाहीतर जमीन खणायला लागेल." मग बाईंनी कोटाच्या उरलेल्या जाड कापडाची तिहेरी घडी करून त्या पायाखाली चिकटवली. डुगडुग थांबली. एवढ्या हत्यारांत शेवटी कामाला आली ती चिंधी.

संध्याकाळी तिघं टेबलाशी जेवली. ताईने एकदाही पाय हलवला नाही आणि दोनदा मागून घेतलं. जेवण आटोपल्यावर बाई तिच्या कॉटवरचा पसारा आवरायला गेल्या. एकेक कपडा घडी घालून त्या बॅगेत ठेवायला लागल्या.

"त्यात कशाला?" ताई दारातून म्हणाली. "कपाटाचा खालचा कप्पा रिकामाच आहे ना?"

बाईंनी मान वर केली नाही. "त्याचं दार नीट लागत नाही. खाली घासतं."

"किती घासतं?"

"असेल अर्धा इंच."

"मग उद्या सकाळी काढ ते. पण माप मी घेणार," ताई म्हणाली, आणि पट्टी भिंतीवरच्या फळीला कुठे टांगायची ते बघायला मागच्या खोलीकडे निघाली.