कन्यादानाचा उपवास

आमच्याकडे कन्यादान होईपर्यंत मुलीचे आईवडील जेवत नाहीत. धाकट्या बहिणीच्या लग्नात आईनेही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मुहूर्त साडेबाराचा. मी जिंतूरच्या शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून घरात आईला मधुमेहाची सुई टोचण्याचा मान माझाच. विधी उरकले की लगेच तिला पान वाढू, असं ठरवून मी बारा वाजता तिला इन्सुलिन दिलं.

लग्न झरीला, आमच्या दारात होतं, आणि वरात वेळेवर आल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. पोरं मारुतीच्या पारापाशी दोन तास नाचत राहिली. मी आईला म्हटलं, दोन घास खाऊन घे.

"लेकीचं कन्यादान झाल्याबिगर मी तोंडात काई घालत नसते, बाई," ती म्हणाली. "लय झालं तर चक्कर यील."

वरात दारात आली तेव्हा ती घामाने भिजली होती. विहिणीला ओवाळायला पुढे केलं, तर म्हणाली, "ही कोन बाई? हिला कोन बोलावलं?" आणि आरतीचं ताट हातातून सोडून दिलं. विहीणबाईंचा चेहरा उतरला. माझ्या नाकावर कायमच राग. दंडाला धरून आईला कोठीच्या खोलीत नेलं, जिथे जेवणाचं सामान ठेवलं होतं, आणि म्हणाले, "चार लोकांत शोभा करू नकोस. बस इथंच." दार ओढून घेतलं.

कन्यादानासाठी बोलवायला गेले, तेव्हा ती बुंदीच्या परातीशेजारी आडवी पडली होती. बुंदीला तिने हात लावला नव्हता.

परभणीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी तिला शुद्ध आली. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. मेंदूच्या पेशी साखरेवर चालतात आणि त्यांच्याजवळ साठा नसल्यातच जमा. इन्सुलिनने रक्तातली साखर फार खाली नेली, की त्या पेशी आधी भलतेच निरोप देतात. माणूस चिडतं, ओळखी विसरतं. मग त्या गप्प होतात. फार वेळ गेला, तर आठवणी धरून ठेवणाऱ्या काही पेशी मरतातच.

इन्सुलिन साखर कमी करतं, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. आई भांडत नव्हती, तिचा मेंदू उपाशी होता, हे मला मांडवात कळायला हवं होतं. मला फक्त लाज वाटली. त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

आई आता चालते, जेवते, पण त्या वर्षातलं काहीच तिला आठवत नाही, आणि नवं सांगितलेलंही टिकत नाही. आठवड्यातून एकदा तरी विचारते, "धाकटीचं लगीन कवा करायचं?"

"झालं की, आई."

"मी व्हते का तिथं?"

"होतीस."

"सासरी जायच्या टायमाला मी रडले का गं?"

"लय रडलीस," मी सांगते. मग ती समाधानाने पदर सावरून बसते.