पाणी चढलेलं असताना

पाच वर्षांच्या पोरीपुढे आपली बोलती बंद होऊ शकते, हे मला जुईमुळे कळलं. भोरला आमच्या शेजारच्या घरात तिची मैत्रीण सानिया राहते. दोघी एकाच बालवाडीत जातात आणि दुपारी जिच्या घरी कालवण बरं असेल तिच्या घरी जेवतात. मध्यंतरी सानियाचे आजोबा वारले. त्यानंतर एक दिवस मी मशीनवर ब्लाउज शिवत असताना जुई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मम्मी, सानियाचे आजोबा अल्लाकडं गेले. आपले पप्पा देवाकडं गेले. मग ते दोघं तिथं भेटतात का? का त्यांची घरं लांब लांब हायेत?"

मी म्हटलं, देव सगळा एकच असतो, जा खेळ. पण ती कसली जातेय! आपल्या देव्हाऱ्यात देव दिसतो, सानियाच्या घरात तर काहीच नाही, तिचे अब्बा नुसत्या भिंतीकडे तोंड करून बसतात, मग एकच कसा, म्हणाली. मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी चिडले. खरं सांगायचं तर देवाचा विषयच मला नको होता. जुईचे पप्पा गेल्यापासून मी देव्हाऱ्यापुढे उभी राहिले नव्हते. साधं तापाचं निमित्त झालं आणि हसताखेळता माणूस गेला. दिवाबत्ती सासूबाई करायच्या. जुईच्या पप्पांचं मी नावही घरात काढत नसे, कारण काढलं की दिवसभर हात चालत नसत. त्यांची आठवण इतकी यायची की दाराशी कुणाची गाडी थांबली तरी मी मान वर करायची.

जुईचा प्रश्न मात्र थांबेना. शेवटी मी म्हटलं, चल, तुला खराखुरा देव दाखवते. माझं माहेर भाटघर धरणाच्या काठाला आहे. तिथलं महादेवाचं जुनं देऊळ धरणात गेलेलं. वर्षातले बरेच महिने ते पाण्याखाली असतं, उन्हाळा सरता सरता पाणी उतरलं की उघडं पडतं. जुई कडेवर होती तेव्हा आम्ही तिघं तिथं गेलो होतो. तिला ते काही आठवत नाही. तिला देऊळ दाखवायचं हे निमित्त होतं. जिथं तिचे पप्पा तिला खांद्यावर घेऊन उभे होते, तिथं मलाच एकदा उभं राहायचं होतं.

गुढीपाडवा झाल्यावर एका सोमवारी आम्ही निघालो. माहेरी फोन करून विचारायला हवं होतं, पण ऊन कडक पडलेलं, म्हटलं पाणी उतरलंच असणार. धरणाकाठी वाढलेल्या मुलीने करू नये अशी ही चूक. टेम्पोतून उतरून, चढण ओलांडून वरून पाहिलं, तर खाली नुसतं पाणी. कळस नाही, खांब नाही, काही नाही. जुईने विचारलं, "देव कुठंय?" आणि मी तिथंच खाली बसले. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या पाण्याकडे बघून वर आलं. वाटलं, ती जागासुद्धा मला मिळू नये?

खाली काठाशी एक धनगराची म्हातारी शेरडं राखत होती. आमच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तिने पाण्यापासून लांबच वहाणा काढल्या, एका शेळीचं दूध तळव्यात पिळलं आणि पाण्याकडे तोंड करून ते हळूच पाण्यात सोडलं. पाणी चढलेलं असलं की आमच्याकडे देवाला असंच वाहतात, काठावरूनच. लहानपणी माझी आजीही तिथल्या दगडावर दिवा लावायची. मी ते साफ विसरले होते.

जुई धावत तिच्याजवळ गेली. मीही मागोमाग उतरले.

"आजी, देव तर दिसत नाय."

"दिसंल कसा? पानी चढलंय न्हवं. पर हाय तितंच."

"तुला काय माहीत?"

"म्या बगितलाय की! पानी चढलं म्हनून काय त्यो उठून जातोय व्हय?"

जुई वाकून पाण्यात डोकावली. मग म्हणाली, "सानियाचे अब्बा पण असंच करतात. तिथं पण काय दिसत नाय."

"त्येंचा बी आसंल की तितंच," म्हातारी म्हणाली. तिला सानिया कोण हे ठाऊक नव्हतं, पण तिने विचारलंही नाही.

"आणि माझे पप्पा?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे पाहून तिला काय समजायचं ते समजलं असावं. तिने जुईच्या ओंजळीत थोडं दूध पिळलं आणि म्हणाली, "ते तुज्या आयला इचार. तिनं बगितलंय त्येस्नी."

मी पाण्याकडे बोट दाखवून म्हटलं, "तिथं, तिथं खाली नंदी आहे. पप्पांनी तुला खांद्यावर घेतलं होतं. मग खाली उतरवून त्यांनी तुला नंदीच्या कानात काहीतरी सांगायला लावलं आणि तू त्याच्या कानाला चावलीस. पप्पा इतके हसले की खाली बसले." जुई खिदळायला लागली. मी रडत होते आणि सांगत होते. किती दिवसांनी मी त्यांच्याविषयी बोलत होते! जुईने ओंजळीतलं दूध पाण्यात सोडलं. तेवढ्यात शेरडं शेताकडे वळली म्हणून म्हातारी शिव्या घालत त्यांच्यामागे गेली. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

परतताना जुई आपणहून म्हणाली, "मम्मी, सानियाला सांगते, तिचे आजोबा आणि माझे पप्पा एकाच धरणात हायेत. फक्त पाणी चढलंय." हे बरोबर की चूक, मी ठरवायला गेले नाही. मला इतकी वर्षं जे उमगलं नव्हतं, ते कुणीतरी त्या पोरीच्या ओंजळीत आयतं घातलं होतं. कुणी घातलं, हे मी आता विचारत नाही. नुसती पाया पडते.

त्या दिवसापासून संध्याकाळचा दिवा मी लावते. कधी सानियाही येऊन जुईशेजारी उभी राहते, एकीचे हात जोडलेले, एकीचे पुढे पसरलेले. माझं दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. दाराशी गाडी थांबली की अजून माझी मान वर होते. मी अजूनही त्यांची वाट पाहते, फक्त आता वाट पाहताना माझे हात जोडलेले असतात.