टीडयेनबाईंच्या कागदावरची सहावी ओळ

१४ मे २०१८, सोमवार. कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या, ईमेलमधला मजकूर मेल-प्रोग्रामच्या फटीतून बाहेर झिरपू शकतो, असे जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या व इतर ठिकाणच्या संशोधकांनी त्या दिवशी जाहीर केले. मेल-प्रोग्राममधली कुलूप उघडणारी जोडणी (प्लग-इन) तूर्त काढून टाका, असा सल्लाही काही जाणकारांनी दिला. एवढे कोणालाही पडताळता येईल. ओल्डेनबुर्गच्या एका कामगार सल्ला केंद्रात फ्रीडरून टीडयेन हिने हा सल्ला दुपारी वाचला आणि अर्ध्या तासात अमलात आणला.

तिचा स्वभावच तसा होता. एकतीस वर्षे टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेलेली. केंद्रात तिचे काम एकच: कत्तलखान्यांतल्या परदेशी कामगारांच्या लॅपटॉपवर पत्रे आणि फायली कुलूपबंद करणारा प्रोग्राम बसवणे, आणि तो अडला की निस्तरणे. अडण्याच्या तऱ्हा मोजक्या होत्या. त्या तिने एका कागदावर सहा ओळींत उतरवल्या होत्या. ओळीत एक अडचण, एक उपाय. कागदाची प्रत प्रत्येक कामगाराला मिळे.

“संसार बसवलास सहा ओळींत,” शेजारच्या टेबलावरचा हायो म्हणायचा. “नवऱ्यासाठी का नाही केलास असा कागद?”

“तो एकाच ओळीचा झाला असता.”

त्यातली पहिली ओळ व्हिओरिका लुप्शानमुळे आली. व्हिओरिका रोमानियाची, कत्तलखान्यातल्या प्रथमोपचाराच्या खोलीत काम करी आणि कंत्राटदाराच्या वसतिगृहात राही. नोकरी गेली की खाटही गेली, असा तिथला नियम. त्या खोलीत अपघातांच्या दोन वह्या होत्या. एकीत कापलेली बोटे होती, दुसरीत नव्हती. पहिलीचे फोटो व्हिओरिकाला केंद्राकडे पाठवायचे होते.

“बाई, परवलीचा शब्द बरोबरच आहे हो. माझ्या आजीच्या गावाचं नाव मी चुकेन का?”

“मला सांगू नकोस. त्यात झेड आहे?”

“आहे.”

“मग तुमच्याकडे तो असतो तिथे आमच्या कीबोर्डवर वाय असतो. आजीला म्हणावं, जर्मन शिक.”

व्हिओरिका हसली होती. तो फेब्रुवारी होता.

ज्या किल्लीने लोक फ्रीडरूनसाठी पत्रे कुलूपबंद करत, तिला फ्रीडरूनने दोन वर्षांची मुदत घातली होती. हरवलेली किल्ली जन्मभर चालू राहू नये, हा तिचा दंडक. मुदत शनिवारी, १९ मे रोजी संपत होती. ती वाढवून नवी प्रत सर्वांना पाठवायची, अशी नोंद बुधवारच्या पानावर होती. पण सोमवारी तिने जोडणीबरोबर सगळा प्रोग्रामच काढला, आणि बुधवारची नोंद दुरुस्ती येईपर्यंत पुढे ढकलली. वास्तविक मुदत वाढवायला मेल लागत नाही. वेगळ्या खिडकीतले ते एका मिनिटाचे काम. हे ती स्वतःच शिकवत असे. फट पत्र उघडणाऱ्याच्या बाजूला होती; व्हिओरिका फक्त पाठवणारी, उघडणारी नव्हे. म्हणून तिला काही कळवण्याचे कारण नाही, असेही तिने ठरवले. तर्क अचूक होता.

पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची सुटी सोमवारपर्यंत होती. मंगळवारी सकाळी केंद्राच्या फोनवर तीन निरोप होते. पहिला शनिवारचा:

“टीडयेनबाई, व्हिओरिका बोलतेय. तुमच्या कागदावरची सहावी ओळ झालीय. किल्लीची मुदत संपली म्हणतंय. फोन करा असं लिहिलंय, म्हणून केला.”

रविवारचा: “परत मीच. तुमच्याकडे अख्खं गाव सुटीवर जातं का हो? मंगळवारी ती वही नेणार आहेत.”

सोमवारचा, जरा थकलेला: “पाठवले. कुलपाशिवाय पाठवू का, असं विचारत होतं. मी हो म्हटलं. पोचले तेवढं कळवा.”

पोचले होते. चौदा फोटो, स्वच्छ, उघडे. व्हिओरिकाच्या लॅपटॉपवर, पाठवलेल्या पत्रांतही ते तसेच उघडे पडून होते. फ्रीडरूनने फोन केला. कोणी उचलला नाही. गुरुवारी व्हिओरिकाला खाट रिकामी करायला दोन तास मिळाले, हे तिच्या खोलीतल्या बाईने सांगितले. शुक्रवारपासून नंबर बंद झाला.

“पेंटेकॉस्ट होता,” हायो म्हणाला. “तुझी काय चूक?”

“पेंटेकॉस्ट दर वर्षी येतो, हायो. कॅलेंडरात छापून.”

“मग प्रोग्राम बिघडला म्हण.”

“बिघडला नाही. सांगितलं तसाच वागला.” ती कागद उलटसुलट करत राहिली. “तीसुद्धा सांगितलं तशीच वागली.”

सहावी ओळ अशी होती: किल्लीची मुदत संपली, केंद्रात फोन करा. तोवर पाठवू नका, हे शब्द तिथे नव्हते. इतकी उघड गोष्ट लिहायची कशाला, असे तिला वाटले असावे.

जूनमध्ये तपासनीस आले, त्यांना दुसरी वही दाखवण्यात आली. साक्षीदाराविना फोटो फायलीत लागले. कागदाची नवी प्रत निघाली. तिच्यात सहावी ओळ लांब आहे. व्हिओरिकाच्या स्वतःच्या किल्लीची मुदत फेब्रुवारी २०२० मध्ये संपली. ती कोणी वाढवली नाही.

फोटो कोणी पाहिले, हे अज्ञात आहे. वसतिगृहाच्या रखवालदाराकडे सगळ्या खोल्यांच्या चाव्या होत्या. इंटरनेटही कंत्राटदाराचेच होते. किंवा फोटो काढतानाच व्हिओरिकाला कोणी पाहिले असेल, आणि मग कुलूप असते तरी फरक पडला नसता. फ्रीडरूनने या तिन्ही शक्यता लिहून ठेवल्या आहेत. एकीलाही पुरावा नाही. व्हिओरिका कुठे आहे, हेही माहीत नाही.