जळकोटचा ळ

"लांब धरा, काका. अजून लांब." कार्ड तयार झालं की ती मोबाईल माझ्या हातात द्यायची आणि हात ताणून धरायला लावायची. तेवढ्या अंतरावरून नवरीचं नाव वाचता आलं, तरच कार्ड व्हॉट्सॲपवर जायचं.

लोहाऱ्यात तहसीलजवळ माझं अर्ज टाइप करून द्यायचं दुकान. त्याच्या निम्म्या भागात बसून ही पोरगी मोबाईलवर पाठवायच्या लग्नपत्रिका बनवायची. पत्रिकेत अख्खी भावकी कोंबणारी आपली माणसं तुम्हाला ठाऊक आहेतच. मामा, मावसे, वर लहान पोरांची किलबिल. एवढ्याशा काचेवर त्या नावांच्या मुंग्या व्हायच्या.

"आमच्या दाजींचं नाव लई बारीक झालंय," एकजण तणतणला.

"मोठं करते की. नवरदेवाचं काढू मग?"

दाजी मुकाट्यानं दुसऱ्या पानावर गेले.

नवरीचं नाव ती बोटानं काचेवर काढायची. 'वैशाली'ची शेवटची वेलांटी अख्ख्या नावावरून अशी आणायची, की पोरीनं डोक्यावर पदर घेतलाय असं वाटावं. श्रद्धांजलीच्या कार्डात मात्र नावाभोवती रिकामी जागा सोडायची. "माणूस गेलंय, काका. जरा मोकळं राहू द्या."

हा हात तिच्या वडिलांचा. अप्पा जळकोटचे पेंटर. ढोकीच्या कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॉल्यांवर ते नावं रंगवायचे. धावत्या ट्रॉलीवरचं नाव लांबून वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि अप्पांनी बोलणं टाकलं. फोनही उचलत नसत. पण तिचा नंबर त्यांनी ठेवला होता. ती प्रत्येक कार्ड स्टेटसला टाकायची आणि बघणाऱ्यांत 'अप्पा' दिसेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. "त्यांना बारीक दिसत न्हाय आता," म्हणायची आणि अक्षर आणखी मोठं करायची. मी मनातल्या मनात त्या हट्टी बापाला शिव्या घालायचो.

एकदा जळकोटच्याच लग्नाचं काम आलं. या वेळी गावाचं नावही तिनं बोटानंच काढलं आणि पत्रिका स्टेटसला टाकली. दुपारी मेसेज आला. तो वाचून तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. अप्पांनी लिहिलं होतं, "जळकोटचा ळ लंगडतोय."

कशी आहेस नाही, बरी आहेस का नाही. एवढ्या वर्षांनी बाप बोलला, तोही ळ बद्दल! मी भडकलो. ती मात्र हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती.

"गावाचं नाव काढताना हात अडखळला, काका. त्यांना बरोब्बर दिसलं बघा."

त्याच दुपारच्या एसटीनं ती जळकोटला गेली. ळ दुरुस्त करून आणते, म्हणाली.

ती तिकडचीच झाली. पुढं नवराही तिकडंच राहायला गेला. अप्पांच्या डोळ्यांचं आता तीच बघते. चांगलंच झालं, यात वाद नाही. पण दुकानाचा निम्मा भाग रिकामा आहे आणि तिथं दुसऱ्या कुणाला बसवायला माझं मन होत नाही. खरं सांगतो, पोरीची फार आठवण येते.

रोज सकाळी मी काचेवर बोटानं 'शुभ सकाळ' काढतो आणि स्टेटसला टाकतो. ळ मुद्दाम लंगडा ठेवतो. बघणाऱ्यांत तिचं नाव दिसतं. चूक मात्र तिनं अजून काढलेली नाही.